सगुणाबाईकडचा बुधवार

डोंगराच्या पोटाशी, कारवीच्या दाटीत एक रान होतं. खाली ओढा, वर कडा आणि मधे जनता, असं अगदी साधं रान. तिथे एक अस्वल राज्य करायचं. ते म्हातारं झालं, मग बहिरं झालं, मग मेलं. यातलं शेवटचं नेमकं केव्हा झालं हे कळायला रानाला बराच वेळ लागला, कारण कारभारात काहीच फरक पडला नव्हता.

कळल्यावर सगळे ओढ्याकाठी जमले. आता राजा नको, यावर लगेच एकमत झालं. राजा आला की पोळ्यातला मध जातो, जांभळं जातात, उन्हाळ्यात डोहातली गार जागाही जाते. पण पलीकडच्या रानातल्या रानकुत्र्यांची टोळी अधूनमधून ओढा ओलांडून येई. मग राखण कोण करणार?

तेव्हा रंगराव भेकर पुढे झाला. भेकर म्हणजे हरणांतलं धाकटं आणि घाबरट घराणं. पण रंगराव खालच्या गावात चोरून हरभरा खायला जायचा, त्यामुळे रानात त्याला जग पाहिलेला समजत.

"गावात बघा," रंगराव म्हणाला, "घरटी एक कुत्रं पाळलेलं हाय. शिळा तुकडा टाकला की दारात बसून राखण करतंय, वर शेपटी हालवतंय. आपन राजा कशाला करायचा? आपन येक पाळू. राजा असला की आपन परजा. पाळलेलं असलं की आपन मालक!"

मालक हा शब्द कानावर पडताच ससे ताठ बसले. रानडुकरांनी चिखलातून बाहेर येऊन अंग झटकलं. आयुष्यात कधी कुणी त्यांना मालक म्हटलं नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम जमीनजुमला आल्यासारखं तेज आलं.

मागच्या बाजूला सगुणाबाई साळिंदर बसली होती. तिचा नवरा मागच्या पावसाळ्यात दरड कोसळून गेला. मागे उरली एक मुलगी, चिमी. तिच्या पाठीवरचे काटे अजून कोवळे, बोट लावलं तर वाकणारे. सगुणाबाई सभेत सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"भावजी, पाळायचं ते पाळा. पन जे पाळायचं ते खातंय काय, ते कुनी इचारलंय का?"

सभा खळखळून हसली. एवढा मोठा राज्यव्यवस्थेचा प्रश्न चाललेला आणि हिला आपली चूल दिसते, असं कुणीतरी म्हणालं.

पाळायला कुणी मिळेना. गावातल्या कुत्र्यांना विचारलं तर ती म्हणाली, आम्हाला पेन्शनीची नोकरी आहे. शेवटी एका सकाळी कड्यावर एक बिबट्या येऊन उभा राहिला. त्याच्यासोबत एक मुंगूस होता, तो स्वतःला चिटणीस म्हणवत होता.

"माझ्या मालकांनो!" बिबट्या म्हणाला, आणि अर्धं रान तिथेच गहिवरलं. "मी राजा व्हायला आलेलो नाही. मला सिंहासन नको, मुकुट नको. मला फक्त तुमच्या पायाशी जागा हवी. तुम्ही मालक, मी तुमचा पाळीव. तुम्ही बस म्हणालात की मी बसेन!"

"बस," एक ससा चाचरत म्हणाला.

बिबट्या बसला. टाळ्यांनी कडा दुमदुमला. त्यानंतर त्याला कुणी बस म्हटल्याची नोंद नाही, पण तो एकदा बसला होता हे रानातला प्रत्येक जण आजही अभिमानाने सांगतो.

पाळलेल्याला नाव हवं. म्हणून रीतसर बारसं झालं. वेलींचा पाळणा बांधला, त्यात बिबट्याला घातला. शेपूट आणि मागचे दोन्ही पाय बाहेर लोंबत राहिले, पण बारशाला आलेल्या बायका असल्या गोष्टींकडे बघत नाहीत. सशांची ठकूआजी वयाने सगळ्यांत मोठी, तिने त्याच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव ठेवलं, सोन्या. सोन्याने डोळे मिटून ठकूआजीचा दीर्घ वास घेतला. किती माया आहे बघा, असं सगळे म्हणाले.

आता त्याला पोसायचं कसं? एका घराला हा भार झेपणार नव्हता. मग जुनी रीत कामाला आली. परगावी शिकायला आलेल्या गरीब मुलांना लोक पूर्वी वार लावून जेवू घालत. आज या घरी, उद्या त्या घरी, प्रत्येक घराचा एक वार. रानानेही सोन्याला वार लावून दिले. सोमवार सशांकडे, मंगळवार हरणांकडे, शनिवार रानडुकरांकडे. सगुणाबाईच्या वाट्याला बुधवार आला. आपल्या वाराला पाळलेलं उपाशी गेलं तर घराण्याची लाज जाते, हे त्या रीतीतच होतं. रीत फार चांगली होती. ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जेवायला येणारा मुलगा होता, एवढाच काय तो फरक.

पहिला आठवडाभर सोन्या प्रत्येक घरी जाऊन ताटाकडे बघून आला. सशांनी कोवळी पालवी वाढली, रानडुकरांनी कंद उकरले. तो हुंगायचा, दाराशी खेळणाऱ्या पोरांकडे प्रेमाने बघायचा आणि उठून जायचा. त्याच्या संयमाचं फार कौतुक झालं. रानकोंबड्याने पहाटेच्या आरवण्यात त्याला 'अल्पाहारी सोन्या' म्हणायला सुरुवात केली.

पुढच्या सोमवारी ठकूआजी दिसेनाशी झाली.

बाभळीखाली तिचे फक्त कान सापडले. सगळं रान हादरलं. चौकशी बसली. चौकशीचा अध्यक्ष मुंगूस, सदस्य मुंगूस आणि साक्षीदारांना शपथ द्यायलाही मुंगूसच. त्याने अहवाल वाचून दाखवला.

"दुर्दैवी घटनेत पाळीवाचा दोष आढळला नाही. पाळीव चावलं तर जबाबदारी मालकाची असते, हा जगभरचा नियम आहे. मयत श्रीमती ठकूबाई ह्या स्वतः मालक होत्या. पाळीव मांसाहारी आहे याची माहिती त्यांनी पाळण्याआधी घ्यायला हवी होती. मालकाच्या निष्काळजीपणामुळे पाळीवाला भूक सहन करावी लागली, याबद्दल सशांच्या घराण्याने सोन्यारावांची माफी मागावी."

सशांनी माफी मागितली. मागताना ते रडत होते, आणि सोन्यारावांनी मोठ्या मनाने ती स्वीकारली. 'राव' कधी लागलं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चौकशी संपेपर्यंत ते लागलेलं होतं.

मग मालकांच्या जबाबदाऱ्या कळू लागल्या. पाळणं म्हणजे गंमत नव्हे, असं चिटणीस रोज सांगे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पाळीवाला शांत झोप हवी. टिटवी संकट दिसलं की ओरडते, त्याने सोन्यारावांची झोपमोड होते. तेव्हा टिटवीने यापुढे मनातल्या मनात ओरडावं. पाळीवाला रोज व्यायाम हवा, त्याला पळवावं लागतं, आणि पळवायचं म्हणजे पुढे कुणीतरी धावायला हवं. हा मान हरणांना मिळाला. रंगरावाचा थोरला मुलगा पायाने चपळ. बापाने त्याला स्वतः कपाळावर माती लावून पाठवलं. तो परत आला नाही. चिटणिसाने घरी येऊन सांगितलं की आजचा व्यायाम अतिशय उत्तम झाला.

दुसऱ्या दिवशी रंगरावाने दारावर पाटी लावली, 'येथे जबाबदार मालक राहतात'. हे त्याने भीतीने केलं की दुःखाने, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सगुणाबाईने पाटी वाचली. भावजींनी टाहो फोडून रडायला हवं होतं, असं तिला वाटलं.

मधेच एकदा रानकुत्रे ओढा ओलांडून आले आणि रानडुकरांचं एक पिल्लू उचलून घेऊन गेले. सोन्याराव तेव्हा कड्यावर ऊन खात होते. राखणीचं काय, असं डुकरांनी भीत भीत विचारलं.

"राखण हे पाळीवाचं कर्तव्यच आहे," चिटणीस म्हणाला. "पण कुत्री अंगावर येत असताना आपल्या पाळीवाला पुढे ढकलणारा मालक तुम्ही कधी पाहिलात? लाज वाटायला हवी!"

डुकरांना खरोखरच लाज वाटली.

इकडे बुधवारचा एक निराळाच पेच झाला होता. प्रत्येक बुधवारी सोन्याराव सगुणाबाईच्या बिळाशी येत. ती पाठमोरी दारात बसलेली असे. काटे उभे, आत चिमी, बाहेर पानावर गोड कंद. सोन्याराव एका बाजूने बघत, दुसऱ्या बाजूने बघत आणि तसेच माघारी जात. गुरुवारी मग ते ज्याच्याकडे वार असेल त्याच्याकडे दुप्पट भुकेने जात. त्यामुळे गुरुवारवाले सगुणाबाईवर चिडू लागले. बिबट्यावर चिडायचं कुणाच्या मनात आलं नाही. तो बिचारा उपाशी होता.

लवकरच हुकूम निघाला. मालकाच्या घरात पाळीवाला इजा होईल असं टोकदार काही असू नये. हरणांनी शिंगं दगडावर घासून बोथट करावीत, रानडुकरांनी सुळे. साळिंदरांनी येत्या बुधवारच्या आत अंगावरचे काटे उपटावेत, लहानमोठे सर्व. उपटलेल्या काट्यांतून सोन्यारावांना पाठ खाजवायला फणी करण्यात येईल.

सगुणाबाई हुकूम ऐकून तडक मालकसभेला गेली. चिमीच्या पाठीवर आत्ता कुठे काटे धरू लागले होते. ते गेले की लेक म्हणजे नुसता मऊ गोळा. बुधवारी त्याचं काय होईल हे सांगायला कुणाच्या अहवालाची गरज नव्हती.

"चिटणीस," ती म्हणाली, "आम्ही मालक हाय नव्हं? मग आमाला हे जनावर न्हाई झेपत. त्येला जिथनं आलं तिथं सोडून या."

सभेत कुजबुज झाली. चिटणिसाने चष्मा नसताना चष्मा सारखा केला.

"सगुणाबाई, पाळलेल्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. हौस होती तेव्हा आणलं, आता जड झालं म्हणून टाकून देता? अशा लोकांनी पाळूच नये!"

"खरंय," मागून कुणीतरी म्हणालं. "मन न्हाई हिला."

"बरं, ऱ्हाऊ दे," सगुणाबाई म्हणाली. "मग आमचे काटे काढायच्या आदी त्येची नखं काढा."

"अरेरे!" चिटणीस कळवळला. "प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला सक्त मनाई आहे."

"आन आमाला उपटायचं ते काय हाय? आम्ही कोन?"

"आपण प्राणी नाही, सगुणाबाई," चिटणीस अतिशय आदराने म्हणाला. "आपण मालक आहात."

सभेने उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतकं सोपं करून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घोषणा झाल्या: "सोन्या आमचा! आम्ही सोन्याचे!" सगुणाबाई त्या गर्दीतून बाहेर पडली तेव्हा तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. आणि राग कुणाचा करावा हेच कळत नव्हतं, कारण टाळ्या वाजवणारे सगळे तिच्या ओळखीचे होते.

बुधवारी सकाळी शेजारणी-पाजारणी मदतीला आल्या. हरणी आल्या, सशिणी आल्या, रंगरावही आला. त्याची शिंगं घासून अगदी सुपारीएवढी झाली होती. कुणाच्या घरी पापड लाटायला जमावं तशा सगळ्या हसतखेळत बिळासमोर बसल्या.

"घाबरू नका वैनी," रंगराव म्हणाला. "सुरवातीला जरा हुळहुळतंय. मग कळत सुदिक न्हाई. आदी चिमीचे घेऊ. पोरीचे कवळे हायेत, पटापटा निगतील."

एका हरणीने चिमीला मांडीवर घेतलं आणि एक काटा उपटला. चिमी किंचाळली. पाठीवर रक्ताचा थेंब आला.

"माज्या लेकीला सोडा," सगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण काटे चढले होते, आणि ते एकमेकांवर आपटून खुळखुळ वाजत होते. "आमचं आम्ही बघू. निघा समदी."

"अवो पन हुकूम..."

"निघा म्हनलं ना, भावजी! सवताचं पोर पळवायला दिलंत. माजं न्यायला आलाय व्हय?"

रंगरावाचे डोळे भरून आले. मग त्याने बायकांना खूण केली आणि सगळे निघून गेले. हळूहळू नाही, चांगले भराभर, कारण समोरून सोन्याराव येत होते.

सोन्याराव आज ऐटीत होते. मागे चिटणीस होता. बिळाच्या तोंडाशी कुणी दिसलं नाही, म्हणजे हुकूम पाळला गेला, असं चिटणिसाने जाहीर केलं. सोन्यारावांनी आत वाकून पाहिलं. कोपऱ्यात चिमी थरथरत बसली होती. त्यांनी पंजा आत घातला, पाठोपाठ तोंडही घातलं.

साळिंदर हल्ला करतं ते मागे सरकून. बाजूच्या खोबणीत दबून बसलेली सगुणाबाई पाठ वळवून, सगळ्या अंगाचा जोर लावून, सरळ सोन्यारावांच्या तोंडावर मागे आदळली.

त्यानंतर जो आवाज आला तो रानाने पूर्वी कधी ऐकला नव्हता. बिबट्या मांजराच्या पिल्लासारखा केकाटत ओढ्याकडे पळाला. नाकात काटे, ओठात काटे, पंज्यात काटे. चिटणीस त्याच्याही पुढे पळत होता. टिटवी सवय विसरून मोठ्याने ओरडली. त्या घटकेला सगळं रान मोकळं होतं. नखं निकामी, तोंड निकामी, पळणारा बिबट्या आणि बघणारे शेकडो मालक. कुणी एकाने नुसतं 'जा' म्हटलं असतं तरी तो गेला असता.

"मुकं जनावर हो ते!" एक हरणी हंबरडा फोडून म्हणाली.

आणि सगळं रान मदतीला धावलं. सशांनी ओढ्याचं पाणी आणून तोंड पुसलं. डुकरांनी काटे एकेक करून हलक्या हाताने काढले. ठकूआजीच्या नातवाने पाला चावून लेप केला आणि 'सोन्या, बाळा' म्हणत त्याच्या नाकाला लावला. सोन्यारावांच्या तोंडावर केळीच्या सोपटाची पट्टी बांधण्यात आली. चावता येईना, म्हणून पहिल्यांदाच सगळ्या घरांनी आपापला वार मऊ करून पाठवला. मऊ म्हणजे काय, ते विचारू नये.

सोन्यारावांना बरं वाटू लागताच निवडणूक जाहीर झाली. पाळीव कोण असावं हे मालकांनी ठरवायचं होतं. रान स्वतंत्र असल्यामुळे उमेदवार दोन होते: एक पट्टी बांधलेले सोन्याराव आणि दुसरे पट्टी न बांधलेले सोन्याराव. प्रचार फार अटीतटीचा झाला. पट्टीवाले सभेत काही बोलत नसत, नुसते विव्हळत, आणि मालक ढसाढसा रडत. ते प्रचंड मतांनी निवडून आले. बिनपट्टीवाल्यांनी पराभव खिलाडूपणे मान्य केला आणि नव्या सरकारला सहकार्याचं आश्वासन दिलं.

सगुणाबाईवर खटला चालला. मुक्या जनावराशी क्रूर वागल्याबद्दल तिला सगळ्यांत कडक शिक्षा झाली. तिची मालकी काढून घेण्यात आली. यापुढे तिने सोन्यारावांना जेवू घालायचं नाही, पळवायचं नाही, त्यांच्या मागची हाडं उचलायची नाहीत आणि मतही द्यायचं नाही. सोन्यारावांनीही तिच्या बिळाच्या आसपास फिरकायचं नाही, असं त्यांनी स्वतःच घाईघाईने त्यात घालून घेतलं. निकाल ऐकताना बायका हळहळल्या. एकटी बाई, आता तिला स्वतःचं म्हणावं असं कुणी पाळलेलंही नाही.

दिवस गेले. एका सकाळी सगुणाबाई दारात कंद सोलत होती. चिमी उन्हात बसली होती. तिचे काटे आता चांगले टणक झाले होते आणि ते ताठ करून दाखवायचा तिला भारी नाद लागला होता. तेवढ्यात रंगराव आला. त्याच्या गळ्यात वेलीचा एक जाड पट्टा होता. पट्ट्याची वेल मागे झाडीतून वर, कड्यापर्यंत गेली होती.

"हे काय वो, भावजी?"

"पट्टा," रंगराव मान ताठ करून म्हणाला. "पाळायचं म्हंजे पट्टा पायजेच. पन सोन्यारावांची मान नाजूक, त्येंना काचतंय. तवा चिटणिसांनी कायदा बघितला. दोगांतनं कुनी बी घातला तरी चालतंय, नातं तेच ऱ्हातंय. म्हनून आम्ही घातला. मालकांनी येवडं तरी सोसाय पायजे."

वेल त्याच्या गळ्यात रुतली होती. तिथले केस गेले होते, कातडं लाल झालं होतं. सगुणाबाईला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली. कसाही असला तरी शेजार होता, आणि पोर गमावलेला बाप होता.

"इकडं या," ती हळूच म्हणाली. "कुरतडून देते. माज्या दातांना ही वेल म्हंजे काईच न्हाई. दोन घास घेतले की मोकळं व्हाल. चिमीच्या जोडीनं ऱ्हावा हितं, कुनी फिरकत न्हाई."

रंगरावाची मान थोडी पुढे आलीही होती. मग तो एकदम मागे उडी मारून ओरडला,

"डोस्कं फिरलं का वैनी तुमचं? मालकी जाईल माजी!"

तेवढ्यात कड्यावरून वेल ताणली गेली. रंगराव दोन पावलं फरफटला, सावरला आणि कसाबसा हसला.

"निघतो. पुन्यांदा निवडणूक लागलीया. सोन्यारावांना ठेवायचं का न्हाई, ते आमालाच ठरवायचंय."

आणि तो ठरवायला पळतच गेला, कारण सावकाश चाललं की गळा आवळत होता.